एडगडे

भिंतीवर खिळा अजून आहे.
फोटो मीच काढून नेला होता, दोन वर्षांमागं.
अकरा जवान, मागे तंबूची दोरी,
काचेला तडा,
खाली इंग्रजीत बारीक छापलेली नावं,
एका नावावर पालीचं अंडं चिकटलेलं.
जनाक्का म्हणाली, पुसून ने रे,
दिल्लीला जायचा हाय त्यो.

पोस्टात हंचिनाळ मास्तरांनी
चष्मा कपाळावर ढकलला, अर्ज भरायला घेतला.
यातले तुमचे हवालदार कुठले?
मी म्हणालो, डावीकडून तिसरे. सातेरी भोगण, वीरचक्र.
त्यांनी लिहिलं, एडगडेयिंद मूरनेयव.
एडगडे म्हणजे डावीकडे.
बेकिनकेऱ्यात हे शेंबड्या पोरालाही कळतं.

अर्ज बेंगळुरूला गेला, तिथून दिल्लीला,
भाषा बदलत, जसा म्हातारा माणूस
गाड्या बदलत जातो आणि प्रत्येक स्टँडवर
पिशवीतलं काहीतरी विसरतो.

मग बेळगावात, कॅम्पातल्या हॉलमध्ये, समारंभ.
पडद्याची दोरी अडकली, दोन सुभेदारांनी ओढली.
बँड एकदा चुकून आधीच वाजला.
जनाक्काच्या हातात अख्खा ताव दिला,
पाच रुपयांची चाळीस तिकिटं,
मागे बर्फाचा डोंगर रंगवलेला.
ते लढले तिथं वाळू होती.

नखांत रताळ्याच्या वाफ्याची माती.
तिनं ताव हातभर लांब धरला,
मग नाकाजवळ आणला, मग पुन्हा लांब.
टाळ्या चालू होत्या तेव्हा माझ्या कानात म्हणाली,
ह्यो धाकलू येडगे न्हवं काय रे?

एडगडे. येडगे.
कुणीतरी फोटोखालची नावं वाचली असतील,
जुळणारं नाव सापडल्याचा आनंदही झाला असेल,
आणि कात्री फिरवली असेल.

परतीच्या टेंपोत मास्तरांचा चेहरा राखेसारखा.
नंदे तप्पु, नंदे तप्पु, माझीच चूक,
सुळग्याच्या वळणापर्यंत तेवढंच.
उद्याच वर लिहितो, आई. सगळी परत मागवायला लावतो.

गप बसा मास्तर, ती म्हणाली.
रजेवर दोघं मिळून यायचे.
मी दोघास्नी वाढलो, आंबील आन् सुकं बांगडं.
त्येची आई धनगरवाड्यावरनं खाली यायची,
माझ्या पत्रात तिच्या लेकाचं काय लिवलंय इचारायला.
काय बी नसायचं. मी बनवून सांगायलो.
बरा हाय म्हणायलो, जाड झालाय म्हणायलो.
ह्येंचा ट्रंक तरी आला.
त्येची टोपी बी आली न्हाई.

टेंपो खड्ड्यात आदळला. तिनं ताव छातीशी धरला.
ह्यास्नी पदक हाय. चौकात कट्टा हाय. शाळंला नाव हाय.
किती घालायचं वो एका माणसाच्या अंगावर?

आज सकाळी ती पोस्टात आली.
कनवटीची पाच रुपयांची नाणी काउंटरवर मोजली.
तिला फुकट मिळालेला ताव घरात होता,
पण हे तिला विकत हवं होतं.
पाकिटावर मी पत्ता घातला: येडगे, धनगरवाडा.
आत काय लिहू?
काय नको. कोरा कागद घाल. वर त्यो हाय की.

शिक्का हातात घेऊन मी थांबलो.
सव्वीस वर्षं मी तिकिटाच्या मधोमध मारतोय,
पुसट उठला की मास्तर ओरडतात.
आज एडगडे मारला,
कोपऱ्यात, पाचाच्या आकड्यावर, जेमतेम अर्धा.
मास्तरांनी पाहिलं.
पाकीट उचलून स्वतःच पिशवीत टाकलं.

धनगरवाड्याचं टपाल गुरुवारी जातं.
आज सोमवार.