शिल्लक

रविवार पेठेत, बोहरी आळीच्या तोंडाशी
खजुराचा भाव विचारत उभी आहे,
पिशवीत घरचा छोटा वजनकाटा.
दुकानदार दुखावला.
"ताई, आमचं माप खोटंय का?"
नाही हो. बी काढल्यावर किती उरतं
तेवढंच बघायचंय मला.
सिंहगडावरून राजगड, राजगडावरून तोरणा,
एवढ्या वाटेला बिया कोण वाहणार?

पतसंस्थेत एकवीस वर्षं खतावणी लिहिलेली बाई मी.
कॅलरी जमा, वजन नावे.
नाचणीचे लाडू: जड.
राजगिऱ्याची वडी: सॅकमध्ये तिचा भुगा होतो,
चिमण्यांसाठी उत्तम.
चिक्कीने मागच्या मार्गशीर्षात दाताची कॅप नेली,
ती विंझरच्या अलीकडे कुठेतरी पडली असेल.
चॉकलेटवाला बार फाल्गुनात खिशातच पातळ होतो,
आणि तो एकशे वीस रुपयांचा, अठरा ग्रॅम प्रोटीनचा,
तोंडात चपलेच्या तळव्यासारखा
बसून राहतो.

हे सगळं ऐकीव नाही.
पर्वती पाच वेळा चढायची, पाण्याचा थेंब न घेता,
आणि कोरड्या घशाने वरच्या पायरीवर
वेष्टन फोडायचं.
जे उतरलं ते पास.
फिरायला आलेले एक निवृत्त गृहस्थ
दोन रविवार बघत होते. तिसऱ्या रविवारी म्हणाले,
"नाश्ता घरी करून यावं माणसानं."

नफिसा कॅम्पातून येते. तिचं शास्त्र वेगळं.
दहा तासांनंतर गोड म्हणजे शिक्षा, ती म्हणते,
आणि खारे फुटाणे, भाजलेले काजू, तिखट पोहे,
शिवाय चांदीच्या कागदात लिंबाच्या लोणच्याची
एकच फोड.
ती फोड आम्ही खात नाही, चाटतो.
आळीपाळीने. लाज सिंहगडालाच ठेवलेली असते.

धनाजी मारणे वेल्ह्याचा, बोलायला कंजूष.
"एका हातानं फुटंल तेच घ्या," म्हणाला होता,
"दुसरा हात कड्याला लागतो."
आणि मग बऱ्याच वेळाने, पाठमोरा,
"एक जिन्नस न खाण्यासाठी ठेवायचा."
आम्ही हसलो होतो.

त्या वर्षी बुधला माचीच्या खाली अंधार पडला.
हात माझे होते, बोटं माझी नव्हती.
नफिसा काहीतरी सांगत होती
आणि तिचे शब्द एकमेकांवर पाय देत होते.
सॅका रिकाम्या. मी तर हिशेब
शेवटच्या ग्रॅमपर्यंत जुळवला होता.
धनाजीने वर्तमानपत्रात बांधलेला गुळाचा खडा काढला,
बोटाएवढा, घामाने कागदाला चिकटलेला.
आम्ही गूळ खाल्ला, त्यावरची अर्धी बातमीही.
कसली बातमी होती ते शेवटपर्यंत कळलं नाही.

तेव्हापासून वरच्या कप्प्यात एक बार.
तो सात गड चढला आहे,
एकदा भिजला, एकदा वानराने नेऊन परत टाकला,
कोपरे गोल झालेत, छापील अक्षरं पुसट,
फक्त तारीख शाबूत.
मंगळवारी ती तारीख आली.
चार वाजता, ठेवींच्या रजिस्टरवर कोपर टेकून
मी तो खाल्ला.
खिडकीवर पेन्शनवाले उभे होते,
शिक्का थोडा वेळ थांबला.
चव कसली? भुसा, वेलदोडा,
आणि ज्याची वेळ आली नाही
अशा कशाची तरी.

तर आता खजूर झाले, काजू झाले.
शेवटी तोच बार मागते, त्याच चवीचा.
दुकानदाराचा राग एव्हाना निवळलाय.
"तो नका घेऊ ताई, लोक परत आणून देतात.
हा घ्या, बदाम-मधाचा. मुलं सोडत नाहीत."

बदाम-मधाचा सिंहगड उतरायच्या आत संपेल, मला माहीत आहे.
नको, म्हटलं,
तो न आवडणाराच द्या.
काट्यावर ठेवते: पंचेचाळीस ग्रॅम.
वेष्टनावर पन्नास लिहिलंय.
या वेळी दुकानदाराला
मी काही बोलत नाही.