पिवळं कापड

पाद्र्याच्या माणसानं माप आणलं नव्हतं.
म्हणाला, कुणालाही होईल असं शिव.
पुढे एक तुकडा, मागे एक,
मधे डोकं जाईल एवढं भोक.
बाह्या नकोत.

पण चेंदणीच्या नातालीनचं माप मला पाठ होतं.
माघात तिच्या लेकीची चोळी मीच शिवली,
उरलेल्या चिंधीत आईचीही बसवली.

कापड इथल्याच मागावरचं, जाडंभरडं.
पिवळं हवं, असा हुकूम.
ठाण्याच्या बाजारात पिवळं एकाच गोष्टीनं होतं.
बंदी लग्नातल्या हळदीला होती,
रंगाच्या मडक्यातल्या हळदीला नाही.
तरी मागच्या दारी हळकुंडं कुटताना
बायकोनं खिडकी लावून घेतली.
कुणी विचारलं तर काय सांगशील, कैतान?
सांगेन, इन्किझिसांवचं काम आहे.

तिचा गुन्हा केवढा, तर
आदल्या रात्री लेकीच्या गालाला बोटभर लावली,
भात बिनमिठाचा शिजवला
आणि एक ओवी म्हटली.
अर्धीच.
दारात कुणीतरी खोकलं म्हणून.

रविवारी मासुंद्याच्या काठानं तिला आणलं,
अनवाणी, गळ्यात काथ्याचा दोर,
हातात न पेटवलेली मेणबत्ती.
मी शिवण बघत होतो.
डाव्या खांद्याचा टाका उसवला होता.

ऊन चढलं. ती घामानं भिजली
आणि रंग उतरायला लागला.
रंगवताना मी तुरटी घातली नव्हती.
घाईत राहिली, असं मी म्हणतो.
आधी मान, मग कोपर,
मग पोटऱ्यांवरून ओघळत थेट घोट्यांपर्यंत
देवळाच्या पायऱ्यांवर, अख्ख्या गावादेखत,
पाद्री लातीन वाचत असताना
नातालीनला हळद लागली.

बायका आधी गप्प होत्या.
मग फिलूमायनं पदर तोंडाशी धरला,
तिच्यामागे सगळ्यांनी.
पदराआड ओठ हलत होते.
पाद्र्याला वाटलं, माळ जपतायत.
मला चाल ओळखू आली.
जिथं तुटली होती तिथूनच उचलली होती त्यांनी.

कापड आता देवळात टांगलंय, तिच्या नावासकट.
विटलं की नवं करायचं, तेही माझ्याकडेच आहे.
दर रविवारी मी त्याच्याखाली उभा राहतो.
जुना खोकला आहे मला.
आला की
बायका वळून बघतात.