चाड

यादगिरी गेला तो देश शाळेत कुणी घोकून घेतला नव्हता.
त्यानं नाव सांगितलं तेव्हा मला वाटलं
चादर म्हणायचंय याला, जीभ अडखळली.
चाड, अक्का. कापूस आहे तिथं, नवे माग बसवलेत,
जॉबर पाहिजे, सोलापूरचा असला तर आधी.

पोचल्याचा फोन आला त्या रात्री नळाला पाणी होतं,
पाचव्या दिवसाचं.
एका हातात पाइप, दुसऱ्यात मोबाईल,
मी त्याचं गाव शोधत उभी.
एक रस्ता होता. निघालेला, मग थांबलेला,
मागून कुणी हाक मारल्यासारखा.
पुढं नुसता ज्वारीच्या पिठाचा रंग.
बोटांनी ताणून मोठं केलं,
पीठ मोठं झालं.
पिंप भरून वाहायला लागलं तरी मी पीठच चाळत होते.

इकडं अशोक चौकातल्या भजीच्या गाड्याला
साडेचार तारे आहेत, आणि ‘चटणी जपून’ असा शेरा.
बंद पडलेल्या मिलच्या धुराड्याचे अकरा फोटो.
आमचं घर मात्र गाजूलांच्या संडासावर दाखवतं,
पण निदान दाखवतं.

डिझाईनचे कोंपेल्ली सर म्हणाले,
गिऱ्हाईक नाही तिथं गल्ली कोण काढेल?
चाड म्हणजे पर्वा, कदर, थोडी लाजसुद्धा.
नकाशावाल्यांना तेवढीच नाही.
आणि पुन्हा मान खाली घालून
मोराचा तुरा भरत बसले.

मी पत्ते टोचते. जकार्डचे. वीस वर्षं झाली.
भोक पडलं तर धागा वर,
नाही पडलं तर धागा खाली.
खाली म्हणजे नाही असं नाही.
चादर पालथी करा, तिथंच असतो,
मोर पांढरा, आभाळ लाल.
यात शिकवण्यासारखं काही नाही,
नव्या पोरीही दोन दिवसांत शिकतात.

मग त्याला म्हटलं, पावलं मोज.

रविवारी तो फोन करतो.
अम्माचा एकच प्रश्न, तिन्नावा?
जेवलोय म्हणतो. मग माझे प्रश्न.
गेटपासून हातपंप दोनशे दहा.
हातपंपापासून शिंपी, नाव अब्दुलाय, ऐंशी,
मध्ये कुत्रं आडवं आलं म्हणून कदाचित शहाऐंशी.
मग डाळीचे वडे तळणारी बाई,
आपल्यासारखेच गं, मिरची कमी.
मग चिंच.
चिंच?
चिंचच, अक्का. शेंगा हातात धरून बघितल्या.
पुढं नदी, आपल्या सीनेएवढी,
पण पाणी असलेली.

उरलेला ग्राफ पसरून मी बसते,
एका चौकटीला दहा पावलं.
कागदावर आधीच अर्धा मोर भरलेला,
त्यामुळं अब्दुलायचं दुकान पिसाऱ्यात गेलं.
नदीपलीकडं यादगिरी अजून गेलेला नाही.
तिथं मीही पेन्सिल नेत नाही.

एकदा ते झाड फोनच्या नकाशात घालून बघितलं.
फोननं विचारलं, ही जागा खरोखर आहे का?
होय. नाही. सांगता येत नाही.
मी होय दाबलं, जरा जोरातच.
तुमची सूचना तपासली जात आहे.
संक्रांत झाली, गड्ड्यातले पाळणे उतरले,
मैदानावर पुन्हा पोरांचं क्रिकेट सुरू झालं,
तपासली जात आहे.

अम्मा मांडीवरचं सूप बाजूला सारून ग्राफ बघते.
बोट गेटपासून निघतं, शिंप्याशी थांबतं,
तंबाखूचा चुरा सांडतो हातपंपाजवळ.
आलं का फोनमध्ये त्याचं गाव?
नाही अजून.
ती पुढची विडी वळायला घेते,
दोरा बांधते, तोडते.
विचार त्याला, म्हणते,
चिंच आंबट आहे का.