कोल्हापूरच्या सूर्यावर

कंपनीचं टार्गेट पुरं झालं,
एका उन्हाळ्यात एकशे चाळीस सबमर्सिबल,
म्हणून सुकुमारला मकाऊची सहल. चार तिकिटं.
तो, त्रिशला, पोरगा संमेद, आणि आव्वा.
माझा पासपोर्ट नव्हता, असं ठरलं.
विचारेल त्याला मीही तसंच सांगितलं.

अकरा वर्षांपूर्वी तालमीच्या मागच्या खोलीत
तीन पानांवर मी एकवीस मोटरी हरलो होतो,
खोकीसुद्धा न फोडता.
सुकुमारनं त्या भरल्या. एक शब्द काढला नाही.
फक्त गल्ल्याची किल्ली त्याच्या करदोट्याला गेली.
या खेपेला गाडीत बसायच्या आधी
ती त्यानं पावती-पुस्तकावर ठेवली
आणि म्हणाला, 'गडहिंग्लजचा टेम्पो मंगळवारी येईल.'

लक्ष्मीपुरीत दिवाळीनंतरची मरगळ.
मी बेअरिंगं मोजत बसलो, मग माश्या.
फोनवर मकाऊ येत राहिलं:
जमिनीतून वर येणारं सोन्याचं झाड,
हॉटेलच्या पोटात कालवा, कालव्यात होडी,
होडीवाला गातोय आणि मागून संमेद,
'काका, जाळ अन् धूर संगटच!'
त्रिशलाच्या डोक्यावर झुंबर, एवढं
की आमचं दुकान त्यात एका बल्बच्या जागी बसावं.
आव्वा कुठल्याच फोटोत पुरती नाही.
कडेला अर्धी, पिशवी छातीशी धरून.
पिशवीत दशम्या, शेंगांची चटणी.

तिसऱ्या दिवशी साडेपाचला तिचाच फोन.
'बाबगोंडा, इथं दिवस मावळतच नाही रे.
वर आभाळ आहे, ढग आहेत, पण रंगवलेले.
सकाळी बघितलं तेव्हा तिन्हीसांजेला टेकलेलं,
आत्ता बघते तरी तिथंच.
सुकुमार म्हणतो आठ वाजले.
भिंतीला एक घड्याळ नाही मेल्यांच्या.
जेवायची राहिले मी.
तिकडं आहे का दिवस?'

'आहे,' म्हटलं. 'थोडा.'

शटर अर्धं ओढलं, एम-एटीला किक मारली.
गंगावेशीत म्हशी आडव्या, धारेचं दूध पिणारे पैलवान आडवे,
रंकाळ्यावर पोचलो तेव्हा
पलीकडच्या काठावर तो दोन बोटं उरलेला.
फोन उलटा करून धरला. 'हा बघ.'
तिकडं डब्याचं झाकण वाजलं.

जुगाराच्या दिव्यांखाली बसून माझी आई
कोल्हापूरच्या सूर्यावर दशमी खात होती,
सावकाश, घास चावून,
जणू मी धरलाय म्हणजे तो कुठं जात नाही.
हात भरून आला. कणीसवाल्यानं विचारलं,
'शूटिंग काय ओ?'
पाणी तांबडं झालं, मग शिशासारखं.
'पुरे,' ती म्हणाली. 'पाणी मघाशीच प्यायले.'

परत आल्यावर त्रिशलानं बॅगेतून पत्त्यांचा जोड काढला.
तिथले वापरून झालेले,
पुन्हा कुणी खेळू नये म्हणून
मधोमध भोक पाडून विकायला ठेवतात.
देता देता तिचा हात थांबला.
'संमेदनं घेतलं, दादा. माझ्या ध्यानातच...'
'असू दे,' म्हटलं. 'छान आहेत.'

रात्री गिऱ्हाईक पांगल्यावर
बदामाची राणी डोळ्याला लावली.
तिच्या पोटातून दिसलं समोरचं नटबोल्टचं दुकान,
एक कुत्रं,
आणि बोट ओलं करून नोटा मोजणारा सुकुमार.
किल्ली अजून पावती-पुस्तकावरच होती.
त्यानं उचलली नव्हती, मीही सरकवली नव्हती.

मग एकेक पत्ता
बिलांच्या तारेत ओवत गेलो.
भोक आयतंच होतं.

सुकुमारनं मान वर केली,
'गडहिंग्लजचं बिल खाली गेलं की.'
'काढतो,' म्हटलं.
आणि ओवत राहिलो.