हलका हात

औषधाच्या दुकानावरच्या खोलीत
मंगळवार-शुक्रवार, डे ड्युटी सुटल्यावर
मी सात सिस्टरांना इंग्रजी शिकवते.
आयर्लंडच्या परीक्षेला सव्वादोन महिने.
खाली मिरजेचा रस्ता, रिक्षा, कुणाच्या तरी तोंडी अर्धं कानडी,
वर फळ्यावर माणसाचं शरीर
तुकड्यातुकड्यांनी, मधे छोटी आडवी रेघ.
मराठीत याला समास म्हणतात.
वहीच्या मोकळ्या कडेलाही समासच.

शरीर त्यांना माझ्याहून ठाऊक,
कुठली शीर कुठून वळते, कुठलं हाड कशाला टेकतं.
म्हणून वाटलं होतं, हा धडा सोपा जाईल.

स्टिफ-नेक्ड, मी म्हटलं.
एस्तेर भोरे म्हणाली, "मानेचा पट्टा द्यायचा."
नाही गं. ताठ मानेचा, हेकट.
"मग आमचे मोठे डॉक्टर," मागून कुणीतरी.
आणि आपण पोरींना सांगतो, ताठ मानेनं जगा.

वेल-हील्ड. चांगल्या टाचांचा. म्हणजे पैसेवाला.
पद्मजा चौगुलेनं बाकाखाली पाय ओढून घेतले.
बारा तास उभ्यानं, भेगांत अजून कालची हळद.
आपल्याकडे टाचा घासून मरतात,
त्यांनीही कधीतरी पायांकडेच बघितलं असणार
माणूस कुठल्या घरचा ते ठरवायला.

मग हलकेपणा.
लाइट-हेडेड: हे त्यांना येतं. खुर्ची द्या, पाणी द्या, बीपी बघा.
लाइट-हार्टेड: याचा ईसीजी निघत नाही.
हलक्या कानाचा मात्र आपल्याकडचा,
कुणीही यावं नि भरून जावं;
इंग्रजांचे कान कधी हलके झाले नाहीत,
निदान माझ्या डिक्शनरीत.

वाक्यं करून आणा, म्हटलं, घरच्या माणसांवर.

तहसीन शिकलगारनं आणलं, गोल अक्षरात:
माय फादर इज अ लाइट-फिंगर्ड मॅन.

वडील सतारी करतात.
दुकानात भोपळे टांगलेले,
आणि ते मान खाली घालून घोडीची जवारी काढतात,
कानस एकदा फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं,
पुन्हा एकदा, केसाएवढी.
हात जड पडला की स्वर मुका होतो,
तिनंच सांगितलं होतं.

मी लाल पेन उचललं.
शब्दावर काट. समासात लिहिलं:
याचा अर्थ चोर.

तिनं वाचलं. ओठ मिटले.
त्यालाही शब्द आहे, तो पुढच्या शुक्रवारी होता.
"पण मॅडम, पेशंट म्हणतात ना,
हात हलका आहे पोरीचा."
म्हणतात, मी म्हटलं. परीक्षक नाही म्हणणार.

महिन्याभरानं माझी साखर तपासायची निघाली.
माझी शीर सापडत नाही, हे जुनं दुखणं,
दोन्ही कोपरं निळी करून घरी यायची सवय.
तिसऱ्या मजल्यावर तीच होती.
"मॅडम, ज्वारीचं पीठ मिळतं का हो तिकडे?"
मी सांगायला लागले,
मिळतं म्हणे, गुजराती दुकानात, जरा महाग पडतं, पण
"झालं. कापूस धरून ठेवा."

नळीत रक्त होतं, माझंच,
वर नावसुद्धा लिहून झालेलं.
मला कळलंच नव्हतं, कधी नेलं.

शुक्रवारी तिची वही मागून घेतली.
लाल शाई पुसली जात नाही.
चोर या शब्दाशेजारी बोटभर जागा होती,
तिथे काहीतरी लिहायला गेले,
आणि ते इंग्रजीत पाहिजे होतं.
पेन धरून बसले बराच वेळ.

"राहू द्या मॅडम," तहसीन म्हणाली,
"पाठ झालंय मला."