जमेच्या बाजूला

सोहारच्या आमच्या कॉलेजात फुटबॉलचा हिशेब
माझ्याकडे आला, कारण तो कोणालाच नको होता.
हिरव्या पाठीची वही. पहिल्या पानावर
आधीच्या कारकुनाचं किरटं अक्षर:
चेंडू सहा. पैकी गोल, चार.

मस्कतच्या त्या मोठ्या विद्यापीठात
गवताला पाणी पाजायला वेगळा माणूस आहे.
आमच्या मैदानाला वारा,
आणि बंदराकडून येणारी बारीक राखाडी पूड,
जी आमचा गोलकीपर पारकर
दाताखाली धरून ओळखतो.

सप्टेंबर लागला की त्यांचं पत्र यायचं.
भाषा पाहुणचाराची:
या, हंगामाचा पहिला सामना तुमच्याशीच.
बस आमची, जेवण आमचं,
वर चारशे रियाल, मैत्रीखातर.
मैत्री म्हणजे सात-शून्य.
एकदा नऊ.

मी पावती फाडायचो. रियाल चारशे फक्त.
त्या 'फक्त'मध्ये काय काय बसायचं:
जाळी, बर्फ, घोट्याच्या पट्ट्या,
अकरातल्या पाचांचे बूट,
डिसेंबरपर्यंतचं डिझेल.
आम्ही हार विकत होतो.
गिऱ्हाईक एक, दर ठरलेला.

बाकीचं वेळापत्रकही तेच आखतात.
ज्याच्याकडे दिव्यांचे खांब, त्याची संध्याकाळ.
आम्हाला दुपारचे साडेतीन,
मैदानात सावली म्हणाल तर चेंडूची.
रविवार, मंगळवार, बुधवार, ओळीने,
कारण मधल्या वारी भाडं निम्मं.
तय्यिब रात्री काकाच्या दुकानात तांदळाची पोती लावतो,
बुधवारी उत्तरार्धात तो धावत नाही,
फक्त पाय उचलून पुढे ठेवतो.
बाकावर राखीव तिघे.
त्यातला एक डॉक्टरची चिठ्ठी घेऊन.

माझे वडील गुहागरला म्हणायचे,
अंथरूण पाहून पाय पसरावेत.
कोच मिनेझिसना हे ऐकवलं.
मडगावचा माणूस. बूट उलटा करून वाळू झटकत राहिला.
मग म्हणाला, "अरे बाबा,
हा खेळच पाय पसरायचा."

गेल्या वर्षी गेलो तेव्हा
पुढच्या रांगेत सोफे मांडले होते,
खजूर, कहव्याच्या किटल्या.
चाळिसाव्या मिनिटाला त्यांचा गोल झाला,
सोफ्यांवर कोणी मानही वळवली नाही.
बासष्टाव्या मिनिटाला कॉर्नर,
आणि तय्यिबच्या कपाळाला
चेंडू असा लागला
जसं उंबऱ्यात वाकायचं विसरावं.
एक-एक.
पुढची अठ्ठावीस मिनिटं पारकर काय करत होता
ते मला सांगता येणार नाही, मी डोळे मिटले होते.
शिट्टी झाली. कहवा निवला होता.

परतीच्या वाटेवर बरक्याला बस थांबली.
चिप्स चुरडून भरलेले पराठे, चोवीस,
पैसे मिनेझिसनी खिशातून दिले.
पोरं सीटच्या पाठी बडवत होती.
मीही बडवली.
शपथेवर सांगतो, आनंद झाला होता.
फक्त दुसऱ्या हाताची बोटं
खिशात आपली आपण मोजत होती.

यंदा पत्र आलं नाही.
फोन केला. पलीकडे अतिशय गोड आवाज:
दिनदर्शिका भरली आहे, इन्शाल्ला पुढच्या वर्षी.
निझवाच्या कुठल्याशा कॉलेजला बोलावलं म्हणे.
सहा-शून्य.

जाळी फाटली तिथे
पारकरच्या मामाने मासेमारीचा नायलॉन ओवून दिला.
बसचं जमलं नाही.
दोन सामने न खेळताच हरलो, तेही कागदावर
तीन-शून्य असंच लिहितात.

ऑडिटर आला, पानं उलटत थांबला.
जमेच्या बाजूला, चारशेच्या जागी, हे काय?
एक-एक. रियाल की बैसा?
म्हटलं, पेन्सिलीने आहे, खोडा हवं तर.
त्याने रबर मागितलं.
माझ्याकडे होतं. मी शोधत राहिलो.