सोमवार ते शुक्रवार

जाहिरातीत तेवढंच होतं:
खोली. विद्यार्थिनीला. सोमवार ते शुक्रवार.
फोन लावला तेव्हा मी गॉलवेच्या बसमध्ये होते,
मांडीवर आईनं दिलेली उशी.
खोली नव्हती, पण उशी होती.

त्याआधी सव्वीस घरं झाली होती.
सॉल्टहिलला एका दाराशी चाळीस जण उभे,
एजंट दोघादोघांना आत सोडायचा, चार मिनिटं,
आणि बाहेर येणारा प्रत्येक जण
तोंड असं करायचा की जागा अगदीच भिकार,
म्हणजे मागचे तरी गळतील.
कुणी गळलं नाही.
मीही तेच तोंड करून बाहेर आले.

एक स्वयंपाकघर तर तीन जाहिरातींत भेटलं.
तेच निळं भांडं, तीच पाच लिंबं,
भाडं वेगळं, मालक वेगळा,
तिघेही परदेशात, किल्ली कुरियरनं पाठवणार,
फक्त आधी अनामत.
कॅहलनं भरली.
कॅहल अजून गाडीत झोपतो, तरणतलावामागच्या पार्किंगमध्ये,
सकाळी तिथंच आंघोळ उरकतो
आणि सगळ्यांच्या आधी वर्गात हजर.
सरांना वाटतं, काय कष्टाळू पोरगा!

मिसेस कन्कॅननांनी मला काहीच विचारलं नाही.
नियम सांगितले, किटली उकळायच्या आत:
फ्रिजचा दुसरा कप्पा. सातनंतर गॅस नाही.
कपाटाचा खालचा खण आपला नाही.
शुक्रवारी चारला बाहेर. दाताचा ब्रशसुद्धा न्यायचा.
"ब्रशसुद्धा?"
"ब्रशसुद्धा."

सप्टेंबर संपत आला होता.
अशा वेळी माणूस कशालाही हो म्हणतं.

दाराच्या चौकटीवर पेन्सिलच्या रेघा:
फिआक्रा, सात. फिआक्रा, नऊ.
फिआक्रा, साडेनऊ (कुणीतरी हट्ट केला असणार).
आता तो पर्थला आहे, क्रेन चालवतो,
एवढंच त्या म्हणाल्या, तेही ओट्याकडे बघून.

दर शुक्रवारी विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर.
बस, तीन तास, बेलमलेट, धुणं, बस.
मनात शिव्या घालायची मी.
नक्की ही बाई शनिवार-रविवार
खोली पर्यटकांना देते, दुप्पट दरानं.
सोमवारी आल्या आल्या गादी हुंगायची.
परकं अत्तर नाही, सांडलेली बिअर नाही.
चादर ताणलेली, खिडकी उघडी,
आणि कधीकधी निलगिरीचा, अगदी पुसट, वास.

नोव्हेंबरात एका शुक्रवारी वही राहिली,
भरती-ओहोटीच्या नोंदींची.
मी त्या आठवड्यात ओरनमोरला मावशीकडे होते,
शनिवारी रात्री साडेदहाला परत आले,
किल्लीनं दार उघडलं, चोरासारखी जिना चढले,
पायरी न वाजवता.
पकडायचंच होतं मला कुणाला तरी.

दार अर्धं उघडं. दिवा चालू.
मिसेस कन्कॅनन माझ्या गादीवर कुशीला,
स्वेटर अंगात, चष्मा नाकावर,
खाली चपला एकमेकींना चिकटून.
उशाशी फोन, कानापासून वीतभर.
पर्थला तेव्हा सकाळ होत होती.
खालचा खण उघडा होता.
त्यात काही नव्हतं, म्हणजे होतं:
एक चार्जर, मोजे, बसचं तिकीट.

वही टेबलावर होती. चार पावलं.
नाही घेतली.
आकडे नंतर आठवून लिहिले, चुकलेच असणार,
समुद्र काही तक्रार करत नाही.

सोमवारी त्यांनी वही हातात दिली.
"राहिली होती," म्हणाल्या.
मी म्हटलं, "हो का?"
किटली उकळली.

काल कॅहलनं विचारलं, काचांवर आतून बर्फ धरायला लागलंय,
तुझी खोली शनिवार-रविवार रिकामीच असते ना,
बोलशील का बाईंशी?
त्याचे ओठ फुटलेले होते.
मी त्याला माझी उशी दिली.
म्हटलं, नाही रे, रिकामी नसते.
तिथं कुणीतरी राहतं.